तपासणी कुणाच्या हाडांची?

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारी हे गाव आहे. गेल्या दोन दशकांत या गावाच्या शिवारात कामगारांची एकामागून एक वसाहत उभी राहिली. कामगार नेते नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेने चालवलेल्या दीर्घ लढ्यातून आधी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरे झाली. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २००६ मध्ये ती त्यांच्या हवाली केली. पुढे तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. याच कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालयही आहे. मान खाली घालून, पाठ वाकवून दिवस काढणाऱ्या हजारो स्त्रिया आणि डॉक्टर घडवणारे रुग्णालय एकाच गावात असावे, असा योग फार थोड्या ठिकाणी जुळतो. तरीही या स्त्रियांच्या मणक्याची, मनगटाची, गुडघ्याची वर्षातून एकदा कामाचा भाग म्हणून तपासणी व्हावी, असा प्रघात आपल्याकडे कधी पडलाच नाही. दुसरीकडे सांपत्तिक स्थिती बरी असलेला माणूस बँकॉकला, सिंगापूरला किंवा जर्मनीला जाऊन डोक्यापासून टाचेपर्यंत हाडांची आणि सांध्यांची तपासणी करून घेऊ शकतो. हा फरक केवळ पैशाचा आहे, असे म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. शरीर बिघडले तर ज्याच्या खिशाला चाट बसते, तो तपासणी घडवून आणतो. आणि जिथे सगळा तोटा कष्ट करणाऱ्याच्याच माथी मारण्याची सोय असते, तिथे तपासणी पोचत नाही, असे हा इतिहास सांगतो.

आधी विडी वळण्याचे काम शरीराकडून काय मागते ते पाहू. तेंदूची पाने भिजवून मऊ करायची, पत्र्याचे माप ठेवून कात्रीने एकसारखी कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घ्यायची, चिमूटभर पानात भरून दोन्ही हातांच्या बोटांनी वळायची, टोके दुमडायची आणि दोऱ्याचा वेढा देऊन विडी बांधायची. हजार विड्यांचा हिशेब गाठायचा तर ही क्रिया दिवसात हजार वेळा करावी लागते, आणि कात्रीचे काम वेगळेच. विडी वळताना जोर येतो तो अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर. अंगठा सतत दाबून फिरवल्याने मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कंडरांचे आवरण सुजते. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद द केर्व्हाँ यांनी या विकाराचे वर्णन १८९५ मध्येच केले होते. मनगटातून जाणारी नस दाबली गेली की करंगळी शाबूत राहते आणि नेमकी कामाची तीन बोटे बधिर होतात, रात्री मुंग्यांनी झोप मोडते. पाठीचे दुखणे निराळे. पुढे वाकून बसल्यावर कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब उभे असतानापेक्षा वाढतो, हे स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात प्रत्यक्ष मोजून दाखवले. मांडी घालून तासन् तास बसल्यावर उठताना गुडघे जे सांगतात, ते विडीच्या कोणत्याही घरात ऐकू येते. हे सगळे एका दिवसात होत नाही, म्हणून त्याला अपघात म्हणत नाहीत. ते वर्षानुवर्षे साचत जाते, म्हणून त्याला ‘वय झालं’ असे म्हणून मोकळे होतात.

कामगाराचे शरीर तपासण्याची रीत मुळात त्याच्या काळजीपोटी आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांत कोकण-देशावरची मराठी माणसे होती. आजही तिथे मराठी समाज आहे. गिरमिटावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, जाणाऱ्या मजुराला जहाजावर चढण्याआधी डॉक्टरपुढे उभे राहावे लागे, कारण त्याच्या प्रवासाचा खर्च उसाच्या मळेवाल्याने उचललेला असे आणि वाटेत मेलेला किंवा उतरल्यावर काम न झेपणारा मजूर म्हणजे बुडालेली रक्कम होती. गिरण्यांत डॉक्टर आला तो कायद्याच्या मागून. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास ठरवून दिले. मग मूल किती वर्षांचे हे ठरवायला प्रमाणपत्र देणारा डॉक्टर लागला, आणि जन्माची नोंद नसल्याने तो दातांवरून अंदाज बांधू लागला. सोलापूरची जुनी मिल याच सुमाराची, १८७७ मधली. म्हणजे सोलापूरच्या कामगाराची डॉक्टरशी पहिली गाठ पडली ती त्याचे दुखणे सांगण्यासाठी नव्हती. तो कामाला लावण्याजोगा आहे की नाही, एवढाच तिथे प्रश्न होता. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्या कोकणातल्या तरुणाची व्हिसाआधी होणारी सक्तीची तपासणीही याच वंशातली. ‘फिट’ असा शिक्का मिळाला की विमान, नाही मिळाला की घर. बारा-पंधरा वर्षे काम करून तो पाठ धरून परत येतो, तेव्हा मात्र त्याला कुणी तपासणीला बोलावत नाही.

अस्थिशास्त्र हे वैद्यकाचे अंगच कष्टकऱ्यांच्या शरीरावर पोसले गेले, हे आज विसरले जाते. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. त्यात विणकर आहेत, बसून काम करणारे शिंपी आणि चांभार आहेत, सतत लिहून हात आखडलेले कारकूनही आहेत. डॉक्टरने रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हेही विचारावे, हा आग्रह त्यांनीच धरला. ब्रिटनमधले ह्यू ओवेन थॉमस हे हाडे बसवणाऱ्यांच्या पिढीजात घराण्यातले. आपल्याकडच्या हाडवैद्यांसारखीच त्या घराण्याची कीर्ती होती. त्यांच्या पत्नीचे भाचे आणि त्यांचे शिष्य रॉबर्ट जोन्स यांना १८८८ पासून मँचेस्टरचा जहाजी कालवा खोदणाऱ्या हजारो मजुरांच्या जखमांची जबाबदारी मिळाली. त्यांनी कालव्याच्या काठाने ठिकठिकाणी रुग्णालये उभारून अपघातग्रस्तांसाठी जी साखळी बांधली, ती आधुनिक अस्थिशल्यसेवेचा पाया मानली जाते. पहिल्या महायुद्धात थॉमस यांच्या पट्टीने मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांना वाचवले. जोन्स यांच्या लिव्हरपूल विद्यापीठात अस्थिशल्यशास्त्राची पदवी सुरू झाली आणि भारतातल्या अस्थितज्ज्ञांच्या आधीच्या पिढ्यांपैकी कितीतरी जण ती घेऊनच परतले. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी हाच क्रम दिसतो. युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी आज खडकीला असलेली क्वीन मेरीच्या नावाची तंत्रशाळा १९१७ मध्ये निघाली आणि पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये. कालव्याच्या कंत्राटदाराला मजूर हवा होता आणि सरकारला सैनिक हवा होता, म्हणून त्यांच्या हाडांकडे पाहणारे शास्त्र वाढले. या शास्त्राचे आजचे महागडे रूप ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर घ्यावे. पण ते ज्यांच्या हाडांवर शिकले गेले, त्यांचा त्यावरचा हक्क आधीचा आहे.

दुखत नसतानाही दरवर्षी तपासून घ्यायची कल्पना आली ती विमा कंपन्यांकडून. न्यूयॉर्कमध्ये १९१३ मध्ये आयुष्य वाढवण्याच्या उद्देशाने एक संस्था निघाली. विमा उतरवलेल्या माणसांची नियमित तपासणी करणे हे तिचे काम, आणि माणूस जितका उशिरा मरेल तितका विमा कंपनीचा फायदा, हा त्यामागचा उघड हिशेब. जपानमध्ये १९५४ मध्ये रुग्णालयात मुक्काम करून सर्वांगाची तपासणी करून घेण्याची ‘निंगेन दोक्कू’ ही पद्धत रूढ होऊ लागली. जहाज जसे गोदीत ओढून तपासतात तसा माणूस तपासायचा, ही तिची मूळ कल्पना. परदेशात विकल्या जाणाऱ्या आजच्या तपासणी-पॅकेजचे कूळ इथे सापडते. परंतु जपानने पुढचे पाऊलही टाकले. १९७२ च्या कायद्याने मालकाने आपल्या कामगारांची वर्षातून एकदा तपासणी केलीच पाहिजे, असे बंधन आले. तपासणी ही विकत घ्यायची वस्तू आणि तपासणी हा कामाच्या कराराचा भाग, या दोन वाटा तिथे शेजारी शेजारी चालू राहिल्या. आपल्याकडे पहिली वाट प्रशस्त झाली आणि दुसरी कारखान्याच्या फाटकापाशीच थांबली.

ती फाटकाशी का थांबली, याचे उत्तर विडीच्या मजुरीत आहे. भारतात १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने कामावरच्या अपघाताचा भार मालकावर टाकला. १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली आणि आजारपणातल्या पगाराचा भार विमा निधीवर आला. ज्यांच्यावर भार आला, त्यांना शरीराची नोंद ठेवणे भाग पडले. विडी मात्र तोवर कारखान्यातून घरात सरकू लागली होती. द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालच्या कामगार चौकशी समितीने चाळीसच्या दशकात या उद्योगाची स्वतंत्र पाहणी केली, तेव्हाच घरी वळणाऱ्या बायकांचा प्रश्न पुढे आला होता. सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत पुरुष मागावर आणि बाई विडीवर, अशी वाटणी रुळली. गिरण्या बंद पडत गेल्या तशी बाईच्या विडीवर घर चालण्याची पाळी आली. तिला मजुरी मिळते ती हजारावर. बोटे बधिर झाली म्हणून हजाराच्या जागी सहाशेच विड्या झाल्या, तर कारखानदाराला सहाशेचेच पैसे द्यावे लागतात. त्याच्या हिशेबात एका पैशाचाही फरक पडत नाही. उरलेल्या चारशे विड्यांची मजुरी तिच्या घरातून जाते, किंवा शाळेतून आलेली मुलगी शेजारी बसून ती भरून काढते. दुखण्याचा सगळा खर्च असा चार भिंतींच्या आत जिरून जातो आणि बाहेर कुठल्याच वहीत त्याची नोंद होत नाही. याच बाईने वळलेल्या विड्या मात्र रोज तपासल्या जातात. ती माल घेऊन कारखान्याच्या शाखेत जाते, तिथे विड्या निरखून पाहतात, आखूड, सैल किंवा फाटक्या पानाची विडी बाजूला काढतात. या छाटणीत इतकी मनमानी चाले की तिच्यावर नियमांनी मर्यादा घालावी लागली. विडीची तपासणी रोज होते, कारण खराब विडीचा तोटा कारखानदाराचा असतो. विडी वळणाऱ्या हाताची तपासणी होत नाही, कारण खराब हाताचा तोटा त्या हाताच्या धनिणीचा असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की घरी बसून काम करणारी बाई कुणाची नोकर नाहीच. मग तिच्या तपासणीचा बोजा मालकावर कसा टाकणार? हा आक्षेप कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरखेपेच्या, म्हणजे घरी माल नेऊन काम करणाऱ्या, माणसाला कामगार म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मंगलोर गणेश विडी वर्क्सच्या खटल्यात हा कायदा वैध ठरवला. १९८५ मध्ये पी. एम. पटेल आणि सन्स यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी लागू होतो असे सांगितले. माल नापसंत करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याचे कामावर नियंत्रण आहे, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे जी छाटणी बाईची मजुरी कापते, तीच तिचे कामगारपण सिद्ध करते. निवृत्तीनंतरच्या पैशाची जबाबदारी मालकावर येऊ शकते, तर निवृत्तीपर्यंत मनगट टिकण्याची का येऊ नये, याला तर्कशुद्ध उत्तर नाही. १९७६ मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा राहिला. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. विकल्या गेलेल्या प्रत्येक विडीतला काही भाग ती वळणाऱ्याच्या आरोग्याकडे परत यावा, अशी ही योग्य रचना होती. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर संपला. सरकारी योजना पुढे चालू राहिल्या, पण विडीची विक्री आणि विडी कामगाराचे आरोग्य यांना जोडणारा थेट दुवा तुटला.

दुसरा आक्षेप वैद्यकाच्या आतून येतो आणि तो अधिक वजनदार आहे. सरसकट आरोग्य तपासण्यांनी लोक अधिक जगतात असे दिसत नाही, असा निष्कर्ष कॉक्रेन या संशोधन संस्थेच्या आढाव्यांनी २०१२ आणि २०१९ मध्ये काढला. हाडांच्या बाबतीत तर तपासणी अपायही करू शकते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या ९८ माणसांचा एमआरआय काढला, तेव्हा त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांच्या कमरेच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. न दुखणाऱ्या माणसाला फुगलेली चकती दाखवली की तो दुखू लागण्याची वाट पाहतो, आणि नको असलेल्या शस्त्रक्रियेची वाटही मोकळी होते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण तो कुणाला लागू होतो हे नीट पाहिले पाहिजे. दुखत नसताना सगळे काही तपासून घेणाऱ्याला तो लागू होतो, आणि परदेशातल्या सर्वसमावेशक पॅकेजचा मोह ज्यांना पडतो त्यांनी तो मनावर घ्यावा. विडी कामगाराचे दुखणे शोधायला यंत्राच्या बोगद्यात जावे लागत नाही. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवले की आवरणाची सूज कळ देऊन सांगते. दोन्ही मनगटे मिनिटभर वाकवून धरली की दाबलेल्या नसेची बोटे झिणझिणतात. बाईला जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठायला सांगितले की गुडघ्याची आणि मांडीच्या स्नायूंची परीक्षा होते. पाळी गेलेल्या स्त्रीच्या हाडांची घनता मोजायची का, हे वय, वजन आणि आधीचे फ्रॅक्चर पाहून ठरवता येते. या सगळ्याला लागते ती प्रशिक्षित नजर आणि रामाझ्झिनींचा तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न. दुसऱ्या शब्दांत, सरसकट तपासणीविरुद्धचा पुरावा हा कामाशी जोडलेल्या तपासणीच्या बाजूचाच पुरावा आहे. जिथे विशिष्ट काम विशिष्ट सांधे झिजवते, तिथे काय शोधायचे हे आधीच ठाऊक असते आणि लवकर सापडले तर मनगटाला आधाराची पट्टी, बसण्याची उंची, मधली विश्रांती अशा साध्या उपायांनी पुष्कळ काही टळते.

तिसरा आक्षेप प्राधान्याचा आहे. तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बाईला क्षय, दमा, रक्तक्षय यांची भीती असताना मनगट आणि पाठ कशाला, आणि जो धंदा लोकांना कर्करोग देतो तो बंदच व्हावा, त्याच्या सुधारणेत वेळ का घालवावा? विडी संपावी हे मलाही पटते. पण ती संपेल तेव्हा या स्त्रियांनी दुसरे काम करायचे आहे. शिवणकाम, गारमेंट, स्वयंपाक, शेती यांपैकी काहीही करायचे म्हटले तरी त्याला हात, पाठ आणि गुडघे लागतातच. धंदा बदलण्याचा हक्क देताना तो वापरण्याजोगे शरीर शिल्लक ठेवले नाही, तर तो हक्क कागदावरचा राहतो. फुफ्फुसे की मनगट अशी निवड करायला लावणेही अन्यायाचे आहे, कारण दोन्ही एकाच बैठकीत तपासता येतात. शिवाय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य रोगांच्या २०१० च्या यादीत मनगटातल्या नसेचा दाब, कंडरांची सूज, गुडघ्यातल्या कूर्चेची इजा यांना स्वतंत्र विभाग दिलेला आहे. जगाने ज्याला कामाचा रोग मानले, त्याला आपण अजून वयाचा दोष म्हणत आहोत.

उरतो तो व्यवहाराचा प्रश्न. घरोघर विखुरलेल्या कामगारांना गाठायचे कसे, आणि दिवसाची मजुरी बुडवून बाई दवाखान्यात येईल का? सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांत ही अडचण खरी होती. कुंभारीने ती मिटवली आहे. कामगारांनी लढून मिळवलेल्या या वसाहतींत हजारो कुटुंबे एका जागी, क्रमांक टाकलेल्या घरांत राहतात. तपासणीच्या दृष्टीने याहून सोयीची वस्ती राज्यात शोधून सापडणार नाही. बाईने दवाखान्यात जायचे नाही, तपासणीने तिच्याकडे जायचे, हे तत्त्व सोलापूरला परके नाही. याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि आघाडीजवळ, जखमी जिथे पडत तिथे शस्त्रक्रिया करत राहिले. १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे स्मारक जपणाऱ्या जिल्ह्याला माल जमा करायच्या दिवशी विडीच्या शाखेत डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट बसवणे अवघड वाटू नये.

आता कायद्यानेही दार किलकिले केले आहे. व्यवसाय सुरक्षा व आरोग्यविषयक २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ठरावीक वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची मालकाने वर्षातून एकदा मोफत तपासणी करावी, अशी तरतूद तिच्यात आहे. पण तपासणीत काय पाहायचे आणि घरखेपेची बाई तिच्यात कशी धरायची, हे प्रत्यक्ष अंमलबजावणीत ठरते. रक्तदाब, साखर आणि छातीचा फोटो एवढ्यावर फॉर्म भरून टाकला, तर दातांवरून वय ठरवणाऱ्या डॉक्टरच्या पुढे आपण फारसे गेलो असे होणार नाही. म्हणून मागणी नेमकी हवी. विडी कामगाराच्या वार्षिक तपासणीत हात, मान, पाठ आणि गुडघ्यांची परीक्षा सक्तीची असावी. तिची नोंद बाईच्या ओळखपत्राशी जोडलेली असावी, म्हणजे कारखाना बदलला तरी ती पुसली जाणार नाही. तपासणीचा आणि त्यातून निघणाऱ्या उपचाराचा खर्च विडीच्या विक्रीतूनच निघावा, कारण खर्चाचा भार पडल्याशिवाय शरीराची दखल घेतली गेल्याचे एकही उदाहरण या इतिहासात सापडत नाही. आणि तपासणीत दोष निघाला म्हणून कुणाचे पान-तंबाखू बंद होणार नाही, याची लेखी हमी हवी; नाहीतर गिरमिटाच्या काळातली नापास करणारी तपासणीच नव्या नावाने परत येईल. घरांसाठी या स्त्रियांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि अशक्य वाटणारी घरे उभी करून दाखवली. त्या घरांत उठता-बसता येईल असे शरीर हा त्या मागणीचाच पुढचा भाग आहे, आणि त्याची सुरुवात कुंभारीतूनच झाली पाहिजे.